केबिन, लोडर आणि सातबारा : ट्रॅक्टर घेतानाचं आमचं एक वर्ष

२२ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळी पाडव्याला, ट्रॅक्टर दारात आला. घ्यायचा हे ठरलं त्याला तेव्हा बरोबर एक वर्ष होत आलं होतं. या वर्षभरात मी लोकांना विचारून विचारून बेजार केलं. ज्यांनी केबिन आणि लोडर (ट्रॅक्टरच्या पुढं बसवायची, खत-माती उचलणारी बकेट) दोन्ही एकत्र घेतलंय अशी माणसं आमच्या भागात मोजकीच सापडली. त्यामुळे बरंच काही चुकत-माकत कळलं. पुढच्या माणसाचे काही हेलपाटे वाचावेत म्हणून सगळं तारखांसकट लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. जमीन, काम आणि जवळचा मेकॅनिक बदलला की योग्य ट्रॅक्टरही बदलतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. घरची अकरा एकर. आठ एकर ऊस, बाकी हळद आणि वैरण. गोठ्यात लहानमोठी सव्वीस जनावरं. म्हणजे वर्षाला पन्नासेक ट्रॉल्या शेणखत निघतं, शिवाय साखर कारखान्यावरून मळी, म्हणजे रसातला गाळ, खताला येते. हे सगळं आजवर पाटीनं आणि खोऱ्यानं भरलं. भरायला माणसं मिळत होती तोवर चाललं. गेली चार-पाच वर्षं खत उपसायच्या दिवसांत चार माणसं गोळा करायची म्हणजे आदल्या रात्री दहा घरं फिरावी लागतात.

जुना ट्रॅक्टर २००८ चा, ३९ एचपी, टू व्हील, म्हणजे ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. २०१९ च्या महापुरात तो शेडमध्येच अडीच दिवस पाण्यात होता. त्यानंतर इंजिन उतरवून सगळं केलं, पण वायरिंगचं दुखणं कधी पुरतं गेलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हळदीच्या रानात कुळवणी करताना माझ्या कमरेतून कळ गेली ती पायाच्या अंगठ्यापर्यंत. मिरजेला दाखवलं. एमआरआय झाला, मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी तीन महिने ट्रॅक्टर बंद सांगितला आणि पुढंही हादरे आणि धूळ टाळायला सांगितलं, कारण खोकलाही दोन वर्षं मागे लागला होता. मी विचारलं, शेती सोडू का? ते म्हणाले, "शेती सोडू नका, बसायची जागा बदला." केबिनचा विचार तिथून सुरू झाला.

थोरला भाऊ, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, तो आधी ड्रायव्हर ठेवू म्हणाला. दोघांना विचारलं. एक महिना पंधरा हजार मागत होता आणि ऊस सुरू झाला की कारखान्याच्या वाहतुकीला जाणार हे आधीच सांगत होता. ज्या दिवसांत गरज, त्याच दिवसांत तो नसणार. मग आण्णाही गप्प झाला.

गावात बातमी फुटल्यावर एकानं पारावर विचारलं, "एसी लावून शेती करणार व्हय आता?" मला ते लागलं. एप्रिलच्या उन्हात रोटाव्हेटर मारताना किंवा पाचटाची कुट्टी करताना मागून जी धूळ उठते ती सगळी ड्रायव्हरच्या नाकातोंडात जाते. आमचे वडील आयुष्यभर ती धूळ खाऊन गेले. शेवटची सहा वर्षं त्यांना पायरी चढताना दम लागायचा. घरातल्या माणसाचा श्वास वाचत असेल तर केबिनला चैन म्हणायचं नाही, असं मला वाटतं.

नोव्हेंबरात कराडचं यशवंतराव चव्हाण कृषी प्रदर्शन झालं आणि डिसेंबरात पुण्याजवळ मोशीचं किसान प्रदर्शन. दोन्हीकडे गेलो. कराडला हात लावून बघितलं, मोशीला वही घेऊन गेलो. महिंद्रा नोवो ६०५, जॉन डीअर ५३१० असे कंपनीनंच बसवलेल्या एसी केबिनचे ट्रॅक्टर तिथं जवळून बघायला मिळाले. कंपनीच्या केबिनचे मी बघितलेले सगळे ट्रॅक्टर पन्नास एचपीच्या पुढचे निघाले. इथं पहिला पेच आला.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीवरच्या ट्रॅक्टरला प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, त्याला ट्रेम फोर म्हणतात. त्यामुळे त्या गटात जुना साधा पंप जाऊन सीआरडीआय इंजिन आलं, म्हणजे इंजेक्टरला डिझेल किती आणि कधी जायचं हे संगणक ठरवतो. किमतीही चढल्या. पन्नासच्या आतल्या ट्रॅक्टरचं इंजिन आमच्या गावातला मिस्त्री डोळे मिटून खोलतो. सीआरडीआयला स्कॅनर लागतो आणि डिझेलमध्ये कचरा किंवा पाणी चालत नाही. आमच्याकडे डिझेल बॅरलमध्ये साठवायची सवय. ती सवय मोडायची तयारी आहे का, हे मी आधी स्वतःला विचारलं. आता कॅन आणि झाकणाचा फनेल वेगळा ठेवलाय, त्याला जाळी लावली आहे, आणि फिल्टरच्या भांड्यातलं पाणी दर आठवड्याला सोडतो.

दुसरी भीती पुराची. मोशीला प्रत्येक स्टॉलवर मी एकच प्रश्न विचारला : इंजिनचा कंट्रोलर कुठं बसवलाय, जमिनीपासून किती उंच? निम्म्या पोरांना प्रश्नच कळला नाही. एका वयस्कर इंजिनिअरनं मात्र बॉनेट उघडून दाखवलं आणि म्हणाला, "पाणी येतंय असं दिसलं की बॅटरीची वायर काढा आणि ट्रॅक्टर उंचावर न्या. बुडाला असेल तर चुकूनही स्टार्टर मारू नका." कृष्णा-वारणा काठच्या प्रत्येकानं हे वाक्य शेडच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट एचपीची. पाटीवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथं पोचणारी ताकद कमी असते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, लिफ्टची क्षमता, ड्रायव्हरच्या कानाशी होणारा आवाज, सीटला आणि स्टिअरिंगला बसणारे हादरे, सगळं मोजून दिलेलं असतं. डीलरकडे अहवाल मागा. मी कमरेसाठी हादऱ्यांचं पान आधी वाचायचो. त्या एका पानानं माझ्या यादीतला एक ट्रॅक्टर बाद झाला.

जानेवारी २०२५ मध्ये बँकेत गेलो. इथला भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला, म्हणून सविस्तर लिहितो. साहेबांनी यादी दिली : सातबारा, आठ अ, चतुःसीमा (चारी बाजूंना कोणाची जमीन त्याचा दाखला), सोसायटी आणि इतर बँकांचे बेबाकी दाखले (काही देणं बाकी नाही असे), वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, डीलरचं कोटेशन. मी डिजिटल सहीचे सातबारे घरी बसून काढले, एकाला पंधरा रुपये. आणि बघतो तर एका गटावर २००४ सालचा पाइपलाइन कर्जाचा बोजा तसाच. ते कर्ज वडिलांनी २०११ ला फेडलं होतं. फेडल्यावर बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं आम्ही तो उतारा बघत होतो आणि इतर हक्काच्या रकान्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं.

जुन्या कर्जाची शाखा दुसरीकडे हलली होती. खातं शोधून बेबाकी दाखला मिळायला १९ दिवस गेले. वडिलांनी शेवटच्या भरण्याची पावती ट्रंकेत जपून ठेवली होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. दाखला मिळाल्यावर ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून बोजा कमी करण्याचा अर्ज केला. तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, फेरफार धरला, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद घातली. मग पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. मार्चअखेरची गर्दी मध्ये आली. १० फेब्रुवारीला सुरू केलेलं काम ११ एप्रिलला संपलं. शोरूमची पायरी चढायच्या आधी आपला सातबारा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, एवढंच सांगेन. वाचायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी अडचण नावांची. वडील २०१६ ला गेले. वारसनोंदीनं उताऱ्यावर आई, आण्णा, मी आणि ताई अशी चार नावं. जमीन तारण द्यायची तर चौघांच्या सह्या हव्यात. ताईचं सासर कराडला. मी तिला फोन करताना अडखळत होतो, कारण सहीचं नाव काढलं की नात्यात काय काय होतं ते आजूबाजूला बघतो. ती म्हणाली, "कधी येऊ ते सांग. पाठ दुखतीय तुझी, आणि तू मला समजावत काय बसलायस?" एसटीनं आली. त्या दिवशी कर्ज बघणारे साहेब रजेवर. तिला परत पाठवावं लागलं आणि चार दिवसांनी पुन्हा बोलवावं लागलं. बाहेरगावचं माणूस बोलवायच्या आधी बँकेत फोन करून साहेब आहेत का, हे विचारून घ्या. मला आजही त्या हेलपाट्याचं वाईट वाटतं.

एप्रिलमध्ये डेमो सुरू केले. डेमो शोरूमच्या मैदानात बघायचा नाही, आपल्या रानात, आपल्या अवजाराला जोडून आणि आपल्या उकिरड्यावर बघायचा. एका डीलरनं टाळाटाळ केली, त्याला मी यादीतून काढलं. बाकी दोघांनी आणले. टाकी काठोकाठ भरायची, दोन तास काम करायचं, पुन्हा काठोकाठ भरायची, म्हणजे तासाला किती डिझेल लागलं ते कळतं. रोटाव्हेटरला एकाला तासाला साडेसहा लिटर लागलं, दुसऱ्याला सात. एसी चालू-बंद करून बघितला. चढाला आणि भर ओढीत फरक जाणवतो, सपाट रानात फारसा नाही.

मात्र ट्रॅक्टर कुठला घ्यायचा हे ठरलं ते लोडरच्या कामावर. उकिरड्यावर लोडर चालवणं म्हणजे पुढं जा, भर, मागं ये, वळ, ओत. एका ट्रॉलीला दहा-बारा खेपा. म्हणजे वीस-पंचवीस वेळा पुढचा-मागचा गिअर. ज्याला शटल आहे, म्हणजे एकाच दांडीनं पुढं-मागं होतं, त्यावर हात आणि पाय दोन्ही सुटे राहतात. ज्याला नाही, त्यावर अर्ध्या तासात माझा क्लचचा पाय भरून आला, आणि क्लचप्लेटचीही तीच अवस्था होते. तेलातला क्लच असेल तर उत्तम. मग हायड्रॉलिक पंप. मी मोबाइलवर वेळ लावली : रिकामी बकेट जमिनीपासून पूर्ण वर जायला एकाला सहा सेकंद, दुसऱ्याला दहा. दहावाला दिवसभरात किती वेळ खातो, ते गुणाकार करून बघा.

लोडरला फोर व्हील हवाच, हे मला तात्यांनी पटवलं. तात्या आमचे चुलते, त्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. भरलेली बकेट वर गेली की सगळं वजन पुढच्या एक्सलवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. आमची जमीन काळी, नदीकडची दोन एकर तर चोपण, म्हणजे क्षारानं चिकट झालेली. तिथं टू व्हीलचा पुढचा बारका टायर रुतून बसतो आणि मागचा जागेवर फिरतो. फोर व्हीलला पुढची चाकंही ओढतात. तरीही मागं वजन हवंच. आम्ही मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलं, एकेकात दोनशे लिटरच्या आसपास बसलं, आणि लोडरच्या कामाला मागं रोटाव्हेटर उचलून ठेवतो. मागं काही न लावता भरलेली बकेट उचलू नका. आणि भरलेली बकेट नेताना गुडघ्याच्या उंचीवरच ठेवा, ओतायच्या जागी गेल्यावर वर घ्या. वर धरून वळलं तर ट्रॅक्टर कलंडतो.

मे महिना डेमोसाठी राखला होता, पण त्या वर्षी मेमध्येच पाऊस कोसळला. तिसरा डेमो पार ऑगस्टवर गेला. मधल्या काळात जूनमध्ये महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानाचा अर्ज भरला. त्याला आता फार्मर आयडी लागतो, अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे. यात एक गोष्ट नीट समजून घ्या : पूर्वसंमतीचं पत्र आधी आणि बिल नंतर. उलटं झालं तर अनुदान मिळत नाही. आम्ही सप्टेंबरपर्यंत वाट बघितली. तोवर पत्र आलं नव्हतं, आणि हंगाम तोंडावर होता. आण्णा आणि मी एक संध्याकाळ हिशेब घालून बसलो आणि अनुदान सोडून द्यायचं ठरवलं. ज्याला सहा महिने थांबता येतं त्यानं जरूर थांबावं. माझी कंबर थांबणार नव्हती.

याच काळात लोडर कुठून घ्यायचा यावर डोकं लावलं. एक रस्ता कंपनीनं मान्य केलेल्या लोडरचा, दुसरा गावाकडच्या वर्कशॉपमधून बनवून घ्यायचा. दुसऱ्यात साठ-सत्तर हजार वाचत होते. कुपवाड एमआयडीसीत दोन दिवस फिरलो. तिथं एका फोरमननं फार चांगलं समजावलं. लोडरचा सांगाडा नुसता इंजिनच्या बाजूला बोल्टनं आवळला तर सगळा ताण क्लच हाउसिंगवर येतो आणि एक दिवस तिथं तडा जातो. सांगाड्याचं चॅनेल पोटाखालून मागच्या एक्सलपर्यंत गेलेलं हवं, म्हणजे ताण वाटला जातो. त्यानं तडा गेलेलं एक हाउसिंगच दाखवलं. ते बघितल्यावर मी स्वस्ताचा विचार सोडला. ट्रॅक्टरची वॉरंटी लोडर लावल्यावर टिकते का, हे डीलरकडून लेटरहेडवर लिहून घ्या. तोंडी "काय होत न्हाई" म्हणणारे खूप भेटतात.

ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर नक्की केला. ५५ एचपी, फोर व्हील, शटल, कंपनीची एसी केबिन. मूळ किंमत बारा लाख, त्यावर १२ टक्के जीएसटी, म्हणजे १३ लाख ४४ हजार. बँकेनं त्या कोटेशनवर कर्ज मंजूर केलं. १५ ऑगस्टला पंतप्रधानांच्या भाषणात जीएसटी कमी होणार हे आलं, आणि पेच पडला. डीलरचा माणूस रोज फोन करायचा : गणपतीची स्कीम आहे, आत्ताच बिल करा, कर कमी व्हायचा नुसता गवगवा आहे. मी चार दिवस झोपलो नाही नीट. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के केला, लागू २२ सप्टेंबरपासून. माझ्या बिलात बरोबर ८४ हजारांचा फरक पडला. मध्ये पितृपक्ष होता, त्यात आईनं बिल करू दिलंच नसतं. २२ ला घटस्थापना होती. आईनं देव्हाऱ्यात घट बसवला आणि मी बुकिंगची पावती नव्या दरानं बदलून आणली. ज्या तारखेचं बिल, त्या तारखेचा कर. बुकिंग आधीचं असलं तरी चालतं, हे कर सल्लागाराकडून खात्री करून घेतलं होतं.

यात एक नवीन काम निघालं. किंमत बदलल्यामुळे बँकेचं मंजुरीपत्र जुन्या कोटेशनवर राहिलं. नवं कोटेशन, नवी मंजुरी, आणखी आठ दिवस. शिवाय २२ नंतर सगळीकडे एकदम गर्दी झाली. दसऱ्याला मिळेल म्हणाले होते, तो हुकला. दसऱ्याला जुन्या ट्रॅक्टरचीच पूजा केली. सतरा वर्षांच्या त्या ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालताना आण्णाचे डोळे भरले होते. तो ११ ऑक्टोबरला २ लाख ६० हजारांना शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला दिला. एक्स्चेंजमध्ये डीलर दोन लाख दहा देत होता. विकताना नाव बदलाचे आरटीओचे कागद सही करून त्याच दिवशी त्याच्यासोबत जाऊन दाखल केले. नाव आपल्यावर राहिलं आणि पुढं अपघात झाला तर जबाबदारी आपल्या गळ्यात येते.

आता एकूण खर्च. ट्रॅक्टर १२ लाख ६० हजार, लोडर बसवून २ लाख ३० हजार, विमा २७ हजार ५००, पासिंग, नंबरप्लेट वगैरे १४ हजार. एकूण १५ लाख ३१ हजार ५००. यात कर्ज ९ लाख, जुन्याचे २ लाख ६० हजार, बाकी ३ लाख ७१ हजार ५०० घरचे. त्यातले दीड लाख हळदीचे होते. कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी, हप्ता सहामाही, साधारण ९२ हजार. महिन्याचा हप्ता घेऊ नका असं मी सांगेन, उसाचं बिल महिन्याला येत नाही. विम्यात लोडरची किंमत वेगळी लिहून घेतली. एजंट म्हणत होता ट्रॅक्टरमध्येच येतो, पण पॉलिसीच्या कागदावर लोडर हा शब्द कुठंच नव्हता. आणि पूर त्यात धरलाय का, ते मी बोट ठेवून वाचून घेतलं.

डिलिव्हरीच्या आधी, १८ ऑक्टोबरला, यार्डात जाऊन चेसिस नंबर, इंजिन नंबर कागदांशी ताडून बघितले, तासांचं मीटर बघितलं, टायरवरचा महिना-वर्ष बघितलं. सगळं बरोबर होतं. चुकलं ते वेगळंच. लोडर बसवून ट्रॅक्टर आला आणि डावीकडचा दरवाजा पूर्ण उघडेना. लोडरचा खांब दोन इंच मागं बसला होता. चढता-उतरताना अंग वळवून जावं लागायचं, तेही कमरेच्या माणसाला. बसवणाऱ्यानं आधी "सवय होईल" सांगितलं. मी नम्रपणे पण ठाम राहिलो, शेवटची रक्कम हातात ठेवली होती म्हणून त्यानं ऐकलं. ब्रॅकेट बदलून यायला नऊ दिवस लागले, ३१ ऑक्टोबरला दरवाजा पूर्ण उघडला. केबिन आणि लोडर एकत्र घेणाऱ्यानं बिल चुकतं करायच्या आधी दोन्ही दरवाजे पूर्ण उघडून, आत बसून बकेटची कड दिसते का, आणि लोडर लावलेला असताना रेडिएटर साफ करायला बॉनेट उघडतं का, या तिन्ही गोष्टी बघाव्यात.

आणखी एक खर्च आम्ही धरलाच नव्हता. शेडचं दार आठ फूट तीन इंच, केबिनची उंची त्यापेक्षा पाच इंच जास्त. नवा ट्रॅक्टर पहिले अकरा दिवस अंगणात ताडपत्रीखाली उभा होता. पत्रा उचलून दार वाढवायला १८ हजार ५०० गेले. गल्लीत लाइटची सर्व्हिस वायरही खाली लोंबत होती, ती अर्ज देऊन वर ओढून घेतली. तुमची द्राक्षबाग असेल तर केबिनचा विचार आधी मांडवाखाली टेप लावून करा. तासगावकडचे माझे एक मित्र म्हणूनच बारक्या, बुटक्या ट्रॅक्टरवर थांबले.

एमएच १० चा, म्हणजे सांगलीचा, नंबर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडला, आरसी त्यानंतर बारा दिवसांनी पोस्टानं आली. त्यावर बँकेचं नाव तारण म्हणून आहे की नाही आणि चेसिस नंबरचे आकडे, दोन्ही तिथंच उभ्यानं वाचले.

आज मीटरवर १३० तास झालेत. पहिली सर्व्हिस ५० तासांना झाली. लोडरचे बोल्ट पहिल्या दहा तासांनी पुन्हा आवळले, चार बोल्ट सैल निघाले. पिनांना रोज सकाळी ग्रीस मारतो, त्याला दहा मिनिटं लागतात. केबिनचा हवेचा फिल्टर पाचटाच्या दिवसांत दर दोन दिवसांनी झटकावा लागतो, नाहीतर एसी गार करत नाही. शेणखताची ट्रॉली पूर्वी चार माणसांना अडीच तास लागायची, आता वीस मिनिटांत भरते. माझा खोकला कमी आहे. पाठ सलग तीन तासांनंतर बोलते, म्हणून अडीच तासांनी उतरतो आणि बांधावर चालतो. केबिननं पाठ बरी केली नाही, पण काम करण्याजोगी ठेवली.

ताईला पाडव्याला बोलावलं होतं. ती आणि आई केबिनमध्ये बसून वेशीपर्यंत जाऊन आल्या, अगदी सावकाश. आई काचेतून बाहेर बघत म्हणाली, "तुझ्या वडिलांना आवडलं असतं."

नव्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढला, त्याचा फेरफार नंबर मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलाय. त्याखाली लिहिलंय : शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०३२. त्याच आठवड्यात बेबाकी दाखला आणि बोजा कमी करण्याचा अर्ज. फाइल कुठल्या कपाटात आहे, ते आण्णाच्या मुलाला दाखवून ठेवलंय.